बाईंची एकटीची सहल

या आठवड्यात आलेले पत्र असे आहे : "माझे वय ४७ असून दारव्हा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. आजवर सहा वेळा मुलांची सहल घेऊन नागपूरच्या महाराजबागेत गेले. पण दर वेळी माझे सगळे लक्ष मुले मोजण्यात गेले आणि वाघ कोणत्या पिंजऱ्यात होता हेही मला आज सांगता येणार नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस स्कुटीने एकटीच निघावे, प्राणिसंग्रहालये आणि एसटीच्या खिडकीतून नुसती दिसलेली ठिकाणे सावकाश पाहावीत, असे मनात आहे. चौदा ठिकाणांची यादी सोबत जोडली आहे. स्कुटी सहा वर्षांची आहे, टायर मूळचेच आहेत. घरी विषय काढला तर यजमान म्हणाले, कापूस निघाला की दोघे मिळून जाऊ. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, वाघ-माकडे पाहायला तुम्ही काय लहान पोर आहात? पिंजऱ्यातले प्राणी पाहून आनंद मानावा का, हा प्रश्न तर मलाही पडतो. मी जावे का, आणि गेले तर कसे?"

आदरणीय बाई,

तुम्ही जावे. यजमानांच्या बोलण्यात नकार नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच. परंतु "कापूस निघाल्यावर" या शब्दांना आपल्याकडे तारीख नसते. पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे होते, दुसरी-तिसरी होता होता संक्रांत उलटते, आणि भाव पडलेला असला की फरदडीच्या, म्हणजे आणखी एका उशिराच्या पिकाच्या, आशेने पऱ्हाटी (कापसाची झाडे) शेतात तशीच उभी राहते. तेव्हा त्यांच्यासोबतची सहल वेगळी ठेवावी आणि ती कोणती असावी हे मी पुढे सांगते. जाऊबाईंचे म्हणणे मनावर घेऊ नका. परत आल्यावर सर्वांत आधी त्याच फोटो मागतील.

खरी अडचण तुमच्या यादीत आहे. लोणार, सिंदखेड राजा, नांदुऱ्याचा हनुमान, शेगाव, चिखलदरा, महाराजबाग, गोरेवाडा, रामटेक, पेंच, नवेगावबांध, ताडोबा, आनंदवन, मार्कंडा आणि हेमलकसा ही चौदा ठिकाणे आठ दिवसांत करायची म्हणजे पाच जिल्ह्यांहून अधिक प्रदेश स्कुटीवरून धुंडाळायचा, आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचताच पुढच्या गावाचा अंधार मनात मोजायचा. शाळेच्या सहलीत तुम्ही मुले मोजत होता, या सहलीत ठिकाणे मोजत बसाल. एकटीने जाण्यातला मोठा लाभ एकच असतो, तो म्हणजे शिट्टी वाजवून कोणी आपल्याला बसकडे बोलावत नाही. तुमच्या यादीने ती शिट्टी तुमच्याच हातात परत दिली आहे. म्हणून मी त्यातील बहुतेक नावांवर काट मारते आहे, राग मानू नये.

पश्चिमेकडची ठिकाणे प्रथम बाजूला काढू. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काठावर उभे राहून फोटो काढायला दहा मिनिटे पुरतात, परंतु आत उतरून तळ्याकाठच्या पडक्या देवळांपर्यंत जाऊन पुन्हा चढून यायचे तर सकाळ जाते, आणि गावातील दैत्यसूदन मंदिराला दुपार द्यावी लागते. २०२० च्या जूनमध्ये या तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा तुम्ही वर्गात त्याविषयी सांगितलेही असेल. तेथून जिजाऊंचे सिंदखेड राजा, मग शेगाव आणि महामार्गाच्या कडेला उभा असलेला नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान, अशी चार दिवसांची सहल दोघांनी करावी. यजमानांच्या शब्दाला मान राहील आणि कापूसही निघालेला असेल.

ताडोबा आणि पेंच यांच्या प्रवेशद्वारातून दुचाकी आत जाऊ देत नाहीत. आत नेणारी जिप्सी गाडी सहा जणांसाठी असते आणि एकट्या माणसाला तिचा सगळा खर्च अंगावर घ्यावा लागतो, किंवा दारापाशी अनोळखी कुटुंबाला विनवावे लागते. त्या भागातील रस्त्यांवर पहाटे वा तिन्हीसांजेला स्कुटी चालवणे हे धाडसाच्या नव्हे, अविचाराच्या सदरात मोडते. हेमलकशाविषयी मात्र थोडे अधिक लिहायला हवे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अनाथ वन्यप्राण्यांना दिलेला आसरा तुम्हाला नक्कीच पाहायला हवा; परंतु नागपूरपासून ते ठिकाण तीनशे किलोमीटरहून दूर आहे, आलापल्लीच्या पुढे रस्ता दाट जंगलातून जातो आणि पाच लिटरच्या टाकीवर तो रस्ता करताना तुमचे डोळे झाडांवर नव्हे, पेट्रोलच्या काट्यावर राहतील. शिवाय तेथे दवाखाना आणि शाळा आहे, माणसे कामात असतात. तेथे आधी कळवून, सोबत घेऊन, दोन दिवस हाताशी ठेवून जावे. चिखलदरा, नवेगाव, मार्कंडा आणि आनंदवन यांना पुढच्या सुट्ट्या आहेत.

आता जी सहल उरते ती अशी. भाऊबीज आटोपली की येणाऱ्या शनिवारी सकाळी निघावे. यवतमाळ, कळंब, देवळी करत वर्धा गाठावे. हा रस्ता सुमारे सव्वाशे किलोमीटरचा आहे आणि दर तासाला थांबत गेलात तरी दुपारी तीनपर्यंत तुम्ही सेवाग्रामला असाल. कळंबला चिंतामणीचे दर्शन घ्यायला जमिनीखाली पायऱ्या उतरून जावे लागते; एसटीतून तुम्ही हे गाव कित्येकदा पाहिले असेल, पण त्या पायऱ्यांवरचा गारवा खिडकीतून कळत नाही. सेवाग्रामच्या यात्री निवासात एकट्या बाईला राहताना अवघडल्यासारखे होत नाही. रविवारी बापूकुटी आणि पवनार पाहावे. धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात, तेथेच खणताना सापडलेल्या जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत, त्यांतील भरतभेटीच्या शिल्पापाशी थोडा वेळ काढावा.

सोमवारी नागपूर. वार मी मुद्दाम मोजून लावला आहे, कारण महाराजबाग आणि गोरेवाडा ही दोन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास घालतात. एकदा मी भाच्याला घेऊन भर सोमवारी महाराजबागेच्या बंद फाटकापुढे उभी राहिले होते. वर्तमानपत्रात दुसऱ्यांना सल्ले देणाऱ्या बाईला सुट्टीचा वार ठाऊक नाही, हे वाक्य तो अजून पाहुण्यांना ऐकवतो. सोमवारची संध्याकाळ झीरो माइलसाठी ठेवा. वाळूच्या दगडाचा तो खांब आणि चार घोडे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात, पण दगडावर कोरलेली गावांची अंतरे मैलांत वाचताना, पूर्वीच्या चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) आणि शिवनीचे नाव बोटाने शोधताना, तुम्हाला भूगोलाचा एक तास फुकट मिळतो.

मंगळवारची महाराजबाग हा या सहलीचा गाभा आहे, म्हणून तेथे कसे पाहावे हे जरा विस्ताराने सांगते. भोसल्यांच्या या बागेत १८९४ पासून प्राणी ठेवलेले आहेत आणि तिची व्यवस्था कृषी विद्यापीठाकडे आहे. फाटक उघडताच आत जा. सगळे पिंजरे फिरू नका. एक अस्वल किंवा एक बिबट निवडा, समोर बसायला जागा असेल अशा बाजूला बसा, वहीत दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहून त्या क्षणी प्राणी काय करतो आहे एवढेच लिहा : झोपला आहे, चालतो आहे, पंजा चाटतो आहे, दिसत नाही. पहिली वीस मिनिटे कंटाळा येईल. त्यानंतर काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. बिबट येरझाऱ्या घालत असेल तर तो वळणाच्या ठिकाणी पाऊल नेमके कोठे ठेवतो ते पाहा. कित्येकदा दर फेरीला पंजा त्याच एका जागी पडतो आणि तेवढीच जमीन गुळगुळीत झालेली असते. अस्वल खाताना जो फुरफुर आवाज करते त्याचे कारणही तोंडातच आहे : त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी श्वासासह ओढून घेते. मोहफुलांच्या दिवसांत आपल्याकडे ज्या प्राण्याच्या भीतीने माणसे थाळी वाजवत रानात शिरतात, तो असा समोर बसून खाताना पाहणे काही वेगळेच असते. दहानंतर सहली येतील. मुले ओरडतील, एखादी बाई शिट्टी घेऊन मोजणी करत असेल. तिला पाणी विचारा.

बुधवारच्या गोरेवाड्याचे तसे नाही. काटोल मार्गावरच्या या उद्यानात २६ जानेवारी २०२१ रोजी भारतीय सफारी सुरू झाली. बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राण्यांच्या मोठ्या कुंपणांतून फिरवून आणतात, त्यामुळे येथे थांबणे तुमच्या हातात नसते. मला विचाराल तर महाराजबागेतली एक सकाळ मी गोरेवाड्याच्या दोन फेऱ्यांहून अधिक मानते. पण पिंजरा आणि कुंपण यांतला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन्ही लागोपाठ पाहायला हवीत. तिकीट आधी काढून ठेवा, सुट्टीत गर्दी होते. दुपारी वेळ उरला तर १८६३ साली सुरू झालेला अजबबंगला, म्हणजे नागपूरचे जुने वस्तुसंग्रहालय, आहेच, तेथील पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे तुम्हाला कोणी घाई करणार नाही.

येथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळते. पिंजऱ्यातील प्राणी पाहून आनंद मानावा का? तुमच्याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून त्याचा माग राहिला. शेते, नाले, रस्ते ओलांडत, मध्येच तेलंगणात शिरून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला आणि त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरहून अधिक भरली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्याच जातीचे जनावर काही गुंठ्यांत वळसे घेताना पाहून अस्वस्थ वाटणारच. ती अस्वस्थता दाबू नका. मात्र तिच्या जोडीला दुसरी बाजूही पाहा. कठडा नसलेल्या विहिरीत पडून जायबंदी झालेला बिबट, ऊसतोडीत वा तुरीच्या शेतात आईपासून तुटलेले पिल्लू, माणसावर हल्ला केल्यामुळे पकडावा लागलेला वाघ, यांना पुष्कळदा पुन्हा रानात सोडता येत नाही, आणि गोरेवाड्यासारख्या ठिकाणी अशा प्राण्यांचीच सोय होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असल्याशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. प्राण्याला आपल्या नजरेआड जायला जागा आहे का, हे मी आधी पाहते. आडोसा, सावली, पाणी आणि माती असेल तर तो अर्धा वेळ दिसत नाही, आणि तिकीट काढून आलेली माणसे कुरकुर करतात. ती कुरकुर ऐकू आली की मला बरे वाटते. तुमच्या वहीत "दिसत नाही" असे जितक्या वेळा लिहिले जाईल, तितकी त्या पिंजऱ्याची बाजू भक्कम समजा. फाटकाबाहेरचे फुटाणे आत नेऊ नका. प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे किंवा आरडाओरड करून त्रास देणे याच कायद्याने गुन्हा आहे. रस्त्याच्या कडेला टोपलीत नाग घेऊन बसलेला गारुडी किंवा दोरीला बांधलेले माकड नाचवणारा दिसला तर थांबू नका, फोटोचे दहा रुपयेही देऊ नका. त्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण त्या दहा रुपयांनी उद्या आणखी एका नागाचे दात उपटले जातात.

गुरुवारी रामटेक. गडावरच्या वानरांपासून पिशवी सांभाळावी आणि वराहाची ती महाकाय मूर्ती जवळून पाहावी. दगडातला प्राणीही तुमच्या वहीत असू द्या. रामटेकला सामान ठेवून दुपारी मनसरवरून देवलापारच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४ ने जाऊन या. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या या रस्त्याला वन्यप्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा असून त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. वरून तुम्हाला फक्त पुलाच्या कडेच्या उंच भिंती दिसतील, कारण प्रकाश आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून त्या बांधल्या आहेत. तेथे थांबू नये, थांबण्यास जागाही नाही. तरीही बाई, महाराजबाग आणि गोरेवाडा पाहून झाल्यावर त्या भिंतींमधून ताशी चाळीसच्या वेगाने जाताना, आपल्या चाकांखालून या क्षणी चितळ वा रानकुत्री जात असतील, हे जाणवते तेव्हा अंगावर काटा येतो. हे ठिकाण तुमच्या यादीत नव्हते, माझ्याकडून घाला.

शुक्रवारी नागपूर, उमरेड करत गिरडला यावे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील या गावच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि तेथे सुपारीसारखे दिसणारे गोल दगड सापडतात. कोणा व्यापाऱ्याचा माल बाबांच्या शब्दाने दगड झाला, अशी कथा सांगतात. काळ्या कातळातील पोकळ्यांत खनिजे भरून घट्ट होतात आणि कातळ झिजला की ते गोळे मोकळे होतात, हे तुम्ही सातवीच्या मुलांना सांगू शकाल. परंतु टेकडीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडून आधी कथा ऐकून घ्या. मुक्काम हिंगणघाटला करा आणि शनिवारी वडकी, राळेगाव, कळंबवरून घरी.

रस्त्याविषयी थोडे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, तो विचार सोडा. दिवाळीनंतर आपल्याकडे खड्ड्यांहून मोठा धोका रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनचा असतो. आरोग्य विभागात नोकरीला असताना समुद्रपूरकडच्या एका रस्त्यावर माझी लुना अशाच सोयाबीनवर गेली आणि मी दाण्यांवरून घसरत थेट ढिगाच्या टोकाशी पोहोचले. शेतकरी धावत आला. त्याने आधी सांडलेले दाणे आत लोटले, मग मला उठवले, आणि त्याच्या बायकोने गुडघ्यावर हळद दाबत त्याला दिवसभर पुरेल इतके ऐकवले. ढीग दिसला की ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करून पाय खाली सोडा. कापसाच्या बैलगाड्यांना मागे दिवा नसतो आणि रोही (नीलगाय) रस्ता ओलांडताना बहुधा एकटा नसतो. एक गेला की दुसऱ्यासाठी थांबावे. त्या दिवसांत पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून पाच वाजता तुमची स्कुटी मुक्कामाच्या दारात उभी असली पाहिजे. संध्याकाळी सहाला घरी एक फोन ठरवून टाका. दर तासाला फोटो पाठवू लागलात तर दुपारच्या एका न पाठवलेल्या फोटोने घरचे घाबरतील.

चहाच्या टपरीवर "कुठल्या हो तुम्ही? एकल्याच?" असे विचारले जाईल. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीच असते. मी अशा वेळी "शाळेच्या सहलीसाठी जागा पाहून ठेवते आहे" असे उत्तर द्यावे असे सुचवीन. तुमच्या बाबतीत ते अगदीच खोटे नाही, आणि त्यानंतर तर्री-पोह्यांच्या प्लेटसोबत पुढच्या फाट्यापर्यंतच्या रस्त्याची इत्थंभूत माहिती मिळते. मुक्काम कोठे आहे हे मात्र टपरीवर सांगू नये.

निघण्यापूर्वी दोन्ही टायर बदलून घ्या. सहा वर्षांच्या मूळ टायरवर तुम्ही दारव्हा ते शाळा एवढेच जात होता. सामान लादून सोयाबीनवरून आणि महामार्गावरून जाण्यासाठी ते घेतलेले नाहीत. खर्च काढायला जड वाटत असेल तर गोरेवाडा वगळा, टायर वगळू नका.